सहा विजयांचे तीन अर्थ

अमेरिकेतल्या इंडियाना फीव्हर या महिला बास्केटबॉल संघाचा हंगामवार तक्ता उघडला, की विजयांच्या रकान्यात ६ हा आकडा तीनदा दिसतो. २०१८ मध्ये ६, २०२० मध्ये ६ आणि २०२१ मध्येही ६. घाईघाईने वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या काळात संघ होता तिथेच राहिला. आता शेजारचा रकाना बघा. २०१८ चे सहा विजय ३४ सामन्यांतले होते, २०२० चे २२ सामन्यांतले आणि २०२१ चे ३२ सामन्यांतले. विजयांची टक्केवारी काढली, तर ती अनुक्रमे १७.६, २७.३ आणि १८.८ येते. तिन्हींतलं २०२० हे वर्ष त्यातल्या त्यात बरं होतं, पण नुसते विजय मोजणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

२०२० मध्ये सामने २२ च का झाले, हेही तक्त्यात लिहिलेलं नसतं. कोविडमुळे तो अख्खा हंगाम फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटन इथे एकाच संकुलात खेळवला गेला. प्रेक्षक नाहीत, प्रवास नाही, कोणाचंच मैदान घरचं नाही. त्यामुळे त्या वर्षीची ओळ इतर वर्षांच्या ओळींशी मोजताना शेजारी पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

फीव्हरच्या केटलिन क्लार्कमुळे आपल्याकडचे बरेच तरुण डब्ल्यूएनबीए, म्हणजे फीव्हर ज्यात खेळतो ती अमेरिकेतली महिलांची लीग, बघू लागले आहेत. काही पालक मुलगी खेळते म्हणून बघतात, काही शाळा-कॉलेजांचे प्रशिक्षक शिकण्यासाठी बघतात. या सगळ्यांना मला एकच गोष्ट सांगायची आहे : हंगामाच्या एका ओळीवर मत बनवू नका. त्या ओळीला भागायचं कशाने, त्या वर्षी मैदानात कोण होतं आणि वर्षाच्या कोणत्या भागात ते आकडे जमले, हे विचारल्याशिवाय तक्ता बोलत नाही. उदाहरणासाठी फीव्हरच घेते, कारण चढ, पठार, कडेलोट आणि पुन्हा चढ असं सगळं या एकाच संघाच्या तक्त्यात आहे.

आधी कच्चा माल. फीव्हर २००० साली मायामी, पोर्टलंड आणि सिएटलबरोबर लीगमध्ये आला. पहिल्या वर्षी ९ विजय आणि २३ पराभव, दुसऱ्या वर्षी १०-२२. मग २००२ मध्ये १६-१६, २००३ मध्ये १६-१८, २००४ मध्ये १५-१९. २००५ पासून २००७ पर्यंत सलग तीनदा २१-१३. २००८ मध्ये १७-१७, २००९ मध्ये २२-१२, पुढची दोन वर्षं परत २१-१३ आणि २०१२ मध्ये २२-१२. त्यानंतर दोनदा १६-१८, २०१५ मध्ये २०-१४, २०१६ मध्ये १७-१७. इथून घसरण : ९-२५, ६-२८, १३-२१, ६-१६, ६-२६ आणि २०२२ मध्ये ५-३१. २०२३ मध्ये १३-२७, २०२४ मध्ये २०-२० आणि २०२५ मध्ये २४-२०.

हे आकडे एका कागदावर उभे लिहून काढा. हाताने लिहिलं की डोळ्यांना टप्पे दिसू लागतात. २००५ ते २०१६ या बारा वर्षांत संघ एकदाही बाद फेरीला मुकला नाही. त्या बारा वर्षांची बेरीज २३५ विजय आणि १७३ पराभव, म्हणजे शंभरातले साधारण ५८ सामने जिंकले. २०१७ ते २०२३ या सात वर्षांत २३२ सामने आणि विजय ५८, म्हणजे बरोबर चारातला एक. एकेका वर्षाकडे बघून जे नीट उमगत नाही, ते असे टप्पे पाडले की लख्ख दिसतं. टप्पा कुठे पाडायचा हे मात्र आकड्यांवरून ठरवू नये. ते घटनांवरून ठरवावं. प्रशिक्षक बदलला, मुख्य खेळाडू आली किंवा गेली, लीगचे नियम बदलले, तिथे रेघ मारावी. सोयीचं वर्ष उचलून तिथे रेघ मारली, तर हवा तो निष्कर्ष काढता येतो आणि तो बहुधा खोटा असतो.

फीव्हरच्या तक्त्यातली सर्वांत मोठी रेघ एका खेळाडूच्या नावाने मारावी लागते, ती म्हणजे टमिका कॅचिंग्ज. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून आलेल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, फीव्हरने तिला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पण कॉलेजात असतानाच गुडघ्याचा स्नायुबंध तुटल्याने त्या वर्षी ती खेळू शकली नाही. त्या हंगामाची ओळ १०-२२. २००२ मध्ये ती मैदानात उतरली, संघ १६-१६ वर गेला आणि पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचला. तिने सामन्यामागे १८.६ गुण आणि ८.६ रिबाउंड (चुकलेल्या फेकेनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान घेतला. ती २०१६ च्या शेवटी निवृत्त झाली. २०१७ ची ओळ ९-२५. एका खेळाडूचं येणं आणि जाणं इतकं स्वच्छ उमटलेला तक्ता क्वचितच बघायला मिळतो.

तरीही सगळं श्रेय किंवा दोष एकीच्या नावावर टाकताना थांबावं. मधली वर्षं नीट वाचली की चित्र भरत जातं. २००७ च्या बाद फेरीत कॅचिंग्जच्या टाचेजवळचा अकिलिस टेंडन तुटला. पुढच्या वर्षीची १७-१७ ही ओळ ती सावरत असतानाची आहे. २०१४ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे ती फक्त १६ सामने खेळली, तरी संघ १६-१८ वर राहिला आणि बाद फेरीत गेला. म्हणजे तोवर तिच्याशिवायही तग धरणारा संघ उभा राहिला होता, आणि २००८ पासून २०१४ पर्यंत मुख्य प्रशिक्षक असलेल्या लिन डन यांचा त्यात वाटा होता. म्हणून प्रत्येक ओळीसमोर दोन गोष्टी लिहायची सवय लावा : मुख्य खेळाडू किती सामने खेळली आणि प्रशिक्षक कोण होते. बहुतेक तक्त्यांत प्रशिक्षकाचं नाव मिळतं. खेळाडूच्या सामन्यांचा आकडा तिच्या स्वतःच्या पानावर बघावा लागतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने वाचनाची दिशाच बदलते.

आता २१-१३ या ओळीकडे येऊ. फीव्हरच्या इतिहासात ती पाच वेळा येते : २००५, २००६, २००७, २०१० आणि २०११. यांतल्या २००६ आणि २०१० मध्ये संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरला. उरलेल्या तीन वर्षी तो पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. २०१२ मध्ये फक्त एक विजय जास्त मिळाला, २२-१२, आणि त्या वर्षी फीव्हरने विजेतेपद पटकावलं. समोर आदल्या वर्षीची विजेती मिनेसोटा लिंक्स होती, तिची त्या हंगामातली ओळ २७-७. फीव्हरची महत्त्वाची खेळाडू केटी डग्लस आधीच्या मालिकेत जखमी झाली होती. तरी फीव्हरने अंतिम मालिका ३-१ अशी जिंकली आणि कॅचिंग्ज मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. याउलट २००९ मध्येही ओळ २२-१२ च होती, पण तेव्हा अंतिम मालिका फिनिक्स मर्क्युरीने ३-२ अशी जिंकली.

यावरून कोणी म्हणेल, साखळीतल्या आकड्यांना अर्थच नाही. तसं नाही. चौतीस सामन्यांत संघाची कुवत बऱ्यापैकी कळते. पाच सामन्यांच्या मालिकेत कुवतीइतकाच दुखापतीचा, प्रतिस्पर्ध्याच्या शैलीचा आणि त्या आठवड्यातल्या नेमबाजीचा हात असतो. संघ किती चांगला होता हे विचारायचं असेल, तर साखळीची ओळ बघा. त्याने काय मिळवलं हे विचारायचं असेल, तर बाद फेरीची ओळ बघा. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात शोधू नका.

बाद फेरी गाठली की नाही, या रकान्यातही एक मेख आहे. २००३ मध्ये १६-१८ वर फीव्हर बाहेर राहिला आणि २०१३ व २०१४ मध्ये नेमक्या त्याच ओळीवर विभागाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. तेव्हा प्रत्येक विभागातले वरचे चार संघ पुढे जात. त्यामुळे तुमचे आकडे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच शेजाऱ्यांचे. २०१६ पासून विभाग न बघता पूर्ण लीगमधले वरचे आठ संघ घेतले जाऊ लागले. संघांची संख्याही बदलत राहिली : २००० मध्ये सोळा, २०१० पासून २०२४ पर्यंत बारा, २०२५ मध्ये गोल्डन स्टेट आल्यावर तेरा. सोळांतले आठ आणि बारांतले आठ यांत किती अंतर आहे, ते सांगायला नको.

भागाकाराबद्दल एवढ्या आग्रहाने लिहिते आहे, कारण डब्ल्यूएनबीएमध्ये सामन्यांची संख्या सतत बदलत आली आहे. १९९७ च्या पहिल्या हंगामात प्रत्येक संघाला २८ सामने होते. मग ३०, मग ३२, २००३ पासून बरीच वर्षं ३४. २०२० मध्ये २२, २०२१ मध्ये ३२, २०२२ मध्ये ३६, पुढची दोन वर्षं ४० आणि २०२५ मध्ये ४४. म्हणून ‘एका हंगामातला सर्वाधिक’ असा विक्रम वाचला, की पहिला प्रश्न हाच विचारायचा : सामने किती होते?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण असिस्टचं आहे. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सहकारी खेळाडूने लगेच बास्केट केलं, तो पास. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कने पदार्पणातच ४० सामन्यांत ३३७ असिस्ट केले आणि एका हंगामातल्या एकूण असिस्टचा तोवरचा विक्रम मोडला. सरासरी ८.४. शिकागोकडून खेळणाऱ्या कोर्टनी व्हँडरस्लूटने २०२० मध्ये २२ सामन्यांत २२० असिस्ट केले होते. सरासरी बरोबर १०, आणि लीगच्या इतिहासात दोन आकडी सरासरी गाठणारी ती पहिलीच. दोघींतलं कोण मोठं? मला हा प्रश्न निरर्थक वाटतो. एकीने लांब हंगाम एकही सामना न चुकवता पेलला, दुसरीने आखूड हंगामात प्रत्येक रात्री जास्त दिलं. एकूण आणि सरासरी हे दोन वेगळे गुण सांगतात. बातमीत दोन्हींपैकी एकच दिलेला असेल, तर दुसरा आपण काढून घ्यायचा.

क्लार्कच्या त्याच हंगामातला दुसरा आकडाही तितक्याच प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. तिच्या हातून २२३ वेळा चेंडूचा ताबा गेला, आणि टर्नओव्हरचाही तो लीगमधला विक्रम होता. तिच्यावर टीका करणाऱ्यांनी हा आकडा उचलला, चाहत्यांनी ३३७ चा. दोन्ही एकत्र ठेवा : दर टर्नओव्हरमागे दीड असिस्ट. पॉइंट गार्डसाठी, म्हणजे संघाचं आक्रमण रचणाऱ्या खेळाडूसाठी, हे प्रमाण साधारणच आहे. पण ज्या खेळाडूच्या हातून जवळपास प्रत्येक चाल सुरू होते, जिच्यावर दोघी-दोघी धावून येतात आणि जी लांबचे धाडसी पास टाकते, तिच्या टर्नओव्हरचा आकडा मोठा असणारच. कमी चुका करणारी खेळाडू कधीकधी फक्त कमी प्रयत्न करणारी असते. मुलींच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे, की टर्नओव्हरचा रकाना शिक्षेसाठी वापरू नका. चुका कोणत्या प्रकारच्या आहेत, तेवढं लिहून ठेवा.

एकाच हंगामाच्या पोटात दोन-तीन हंगाम दडलेले असतात, आणि हे ज्याला दिसलं त्याला तक्ता वाचता आला. २०२४ ची फीव्हरची ओळ आहे २०-२०. इतकी सरळ ओळ, की नजर पुढे सरकते. प्रत्यक्षात संघाने पहिल्या नऊपैकी आठ सामने गमावले होते. त्यातले पहिले चार न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट यांच्याविरुद्ध होते. न्यूयॉर्क त्या वर्षी ३२-८ अशी राहून विजेती झाली, कनेक्टिकटची ओळ होती २८-१२. नवी पॉइंट गार्ड, सरावाला दिवस नाहीत आणि समोर लीगमधले सर्वांत तगडे संघ. पॅरिस ऑलिंपिकसाठी लीग थांबली, तेव्हा फीव्हर ११-१५ वर होता. सुट्टीनंतरच्या चौदा सामन्यांत त्याने ९ जिंकले, ५ हरले. म्हणजे सुरुवातीचा १-८, मधला १०-७ आणि शेवटचा ९-५ असे तीन वेगळे संघ त्या एका ओळीत आहेत. संघ २०१६ नंतर प्रथमच बाद फेरीत गेला आणि तिथे कनेक्टिकटने त्याला २-० असं हरवलं.

असं तुकडे पाडणं सोपं आहे. सामन्यांची यादी घ्या. सुट्टी, दुखापत, खेळाडूंची अदलाबदल अशा ठिकाणी खूण करा आणि प्रत्येक तुकड्याचे विजय-पराभव वेगळे मोजा. सोबत त्या तुकड्यातले प्रतिस्पर्धी हंगामाअखेर कुठे होते, तेही बघा. एक पथ्य मात्र पाळा. पाच-सहा सामन्यांपेक्षा लहान तुकड्यावरून काही ठरवू नका.

२०२५ ची ओळ याच पद्धतीने उघडून दाखवते. २४-२०, वरवर पाहता आदल्या वर्षाहून थोडी सुधारणा. क्लार्क दुखापतींमुळे ४४ पैकी फक्त १३ सामने खेळली. त्या तेरांत संघ ८-५, तिच्याशिवायच्या ३१ सामन्यांत १६-१५. म्हणजे ती असताना संघ नक्कीच बरा होता, पण ती नसतानाही तो निम्म्याहून अधिक सामने जिंकत होता. हा भार ज्यांनी उचलला, त्यांत केल्सी मिचेलचं नाव पहिलं. तिने सगळे ४४ सामने खेळून सरासरी २०.२ गुण केले. संघाने पहिल्या फेरीत अटलांटाला हरवलं आणि उपांत्य फेरीत लास व्हेगस एसेसला पाचव्या सामन्यापर्यंत, तोही जादा वेळेपर्यंत, खेचलं.

मिचेलबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण तक्ते वाचताना अशी माणसं निसटून जातात. ती २०१८ मध्ये ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर फीव्हरमध्ये आली. त्या वर्षापासून २०२३ पर्यंत संघाने ४९ सामने जिंकले आणि १४९ गमावले. २०२२ चा हंगाम तर सलग अठरा पराभवांनी संपला. विजयांच्या रकान्यावरून खेळाडू मोजायची म्हटलं, तर तिच्या हाती काहीच लागत नाही. पण हरणाऱ्या संघातही कोणीतरी रोज रात्री पंधरा-वीस गुण करतच असतं. त्यांतलं कोण खरंच चांगलं आहे आणि कोण केवळ दुसरं कोणी नाही म्हणून फेकतं आहे, हे ओळखायला नेमबाजीची टक्केवारी आणि सातत्य बघावं लागतं. मिचेल त्या काळातही चांगली होती. पुढे तिच्या आजूबाजूला संघ उभा राहिला, तेव्हा ते सगळ्यांना दिसलं.

नेमबाजीकडे वळू. तक्त्यात ‘एफजी टक्के’ असा रकाना असतो, तो फेकांच्या तुलनेत किती बास्केट झाली हे सांगतो. त्यात दोन गुणांचं आणि तीन गुणांचं बास्केट सारखंच मोजलं जातं, हा त्याचा मोठा दोष. एका खेळाडूने दहा फेकांत चार बास्केट केली, सगळी दोन गुणांची, तर तिचे गुण ८. दुसरीनेही दहांत चारच केली, पण त्यांतली तीन लांबून, तर तिचे गुण ११. टक्केवारी दोघींची ४०. म्हणून तीन गुणांच्या प्रत्येक बास्केटला अर्धं बास्केट जास्त धरून भागावं. पहिलीचे ४० टक्केच राहतात, दुसरीचे ५५ होतात. हा सुधारित आकडा ‘ईएफजी’ नावाने मिळतो आणि फीव्हरसारख्या लांबून फेकणाऱ्या संघासाठी तोच वाचावा. क्लार्कने २०२४ मध्ये तीन गुणांची १२२ बास्केट केली, तिच्याबाबतीत साधी टक्केवारी दिशाभूलच करते. याउलट फीव्हरचीच अलाया बॉस्टन ही बास्केटच्या जवळ खेळणारी सेंटर. २०२३ मध्ये पदार्पणातच तिची ५७.८ ही टक्केवारी लीगमध्ये सर्वाधिक होती. दोघींच्या टक्केवारीची आपसात तुलना करू नये, कामंच वेगळी आहेत.

जुन्या-नव्या हंगामांतल्या लांबच्या फेकांची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तीन गुणांची रेषा २००४ मध्ये ६.२५ मीटरवर होती, २०१३ पासून ती ६.७५ मीटरवर गेली. त्यामुळे २०१३ मध्ये एखाद्या खेळाडूची टक्केवारी घसरलेली दिसली, तर तिची नजर बिघडली असं समजण्याआधी ही अर्ध्या मीटरची वाढ आठवावी. २००६ मध्येही मोठा बदल झाला. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव जाऊन दहा-दहा मिनिटांचे चार आले आणि फेक करण्याची मुदत ३० सेकंदांवरून २४ वर आली. खेळ वेगवान झाला, सामन्यातले ताबे, म्हणजे चेंडू संघाच्या हाती येण्याच्या पाळ्या, वाढले आणि गुणही वाढले. २००५ मधले ७० गुण आणि २००७ मधले ७० गुण म्हणूनच एकसारखे नव्हेत.

इथे ताब्यांचा हिशेब शिकून घ्यावाच. क्रिकेट बघणारा माणूस नुसत्या धावांवर थांबत नाही, किती षटकांत झाल्या ते विचारतो. बास्केटबॉलमध्ये षटकांच्या जागी ताबा असतो. ताबे थेट मोजलेले नसले, तरी अंदाज काढता येतो. एकूण फेकांतून स्वतःच्याच चुकलेल्या फेकेवर मिळवलेले रिबाउंड वजा करा, टर्नओव्हर मिळवा आणि फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणून तेही मिळवा. समजा एका संघाने ७० फेका केल्या, असे रिबाउंड १०, टर्नओव्हर १४, फ्री थ्रो २०. ताबे झाले ८२.८. गुण ८० असतील, तर शंभर ताब्यांमागे ९६.६. दुसरा संघ संथ खेळणारा : फेका ६२, रिबाउंड ८, टर्नओव्हर १२, फ्री थ्रो १५. ताबे ७२.६, गुण ७५. शंभरामागे १०३.३. फलकावर पाच गुण कमी असूनही दुसऱ्याचं आक्रमण सरस आहे. संरक्षणालाही हाच हिशेब लावा, म्हणजे संथ खेळून कमी गुण देणारा संघ उगीच बचावाचा बादशहा ठरणार नाही.

याचं एक उदाहरण बघा. २००९ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना फिनिक्सने जादा वेळेत १२०-११६ असा जिंकला. डब्ल्यूएनबीएच्या इतिहासात इतके गुण झालेला दुसरा सामना तोवर नव्हता. फीव्हर हा चिवट बचावासाठी ओळखला जाणारा संघ. नुसता तो आकडा बघून बचाव कोसळला असं म्हणणं घाईचं ठरेल. फिनिक्सने सामना आपल्या वेगाने खेळायला लावला, ताबे वाढले आणि दोन्ही बाजूंचे गुण फुगले.

हंगामाच्या ओळीत काय मोजलेलं नसतं, तेही माहीत हवं. बाद फेरीचे सामने साखळीच्या विजय-पराभवांत येत नाहीत. १ जुलै २०२५ रोजी फीव्हरने मिनेसोटाला ७४-५९ असं हरवून हंगामातच होणारी कमिशनर्स कप ही स्पर्धा जिंकली, पण तिचा तो अंतिम सामनाही २४-२० मध्ये नाही. प्रेक्षकसंख्येचा रकाना तर वेगळ्याच हिशेबाने वाचावा. फीव्हरच्या घरच्या सामन्यांची सरासरी २०२३ मध्ये ४ हजारांच्या आसपास होती, २०२४ मध्ये ती १७ हजारांच्या पुढे गेली. विजय तेरावरून वीसवर गेले, प्रेक्षक चौपट झाले. या दोन वाढींना एकाच कारणाशी बांधता येत नाही.

तळाच्या वर्षांची पुढच्या वर्षांशी गाठ ड्राफ्टमधून बांधलेली असते. बाद फेरी न गाठलेल्या संघांमध्ये पहिल्या निवडीसाठी सोडत निघते आणि त्यात मागच्या दोन हंगामांची बेरीज धरतात. २०२१ आणि २०२२ मिळून फीव्हर ११-५७ होता. २०२३ ची पहिली निवड त्याला मिळाली आणि बॉस्टन आली. २०२२ आणि २०२३ मिळून १८-५८, पुन्हा पहिली निवड आणि क्लार्क आली. पण तळाला गेलं की आपोआप वर येता येतं, असं यातून समजू नये. २०१८ ते २०२२ या काळातही फीव्हर दरवर्षी ड्राफ्टच्या पहिल्या चारांत निवड करत होता आणि तरीही तळाशीच राहिला.

आता तुमच्या स्वतःच्या संघाच्या नोंदवहीकडे. आपल्याकडचे सामनेही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चाळीस मिनिटांचे असतात, तीन गुणांची रेषाही ६.७५ मीटरवर. त्यामुळे वर सांगितलेला हिशेब शाळेच्या, क्लबच्या किंवा विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला जसाच्या तसा लागू होतो. अमेरिकेतल्या पुरुषांच्या एनबीएचे सामने ४८ मिनिटांचे असतात, त्यांच्या आकड्यांशी मुलींच्या आकड्यांची बरोबरी करू नका. स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतातच. त्याखेरीज रिबाउंड आक्रमणातला की बचावातला, टर्नओव्हर, असिस्ट, स्टील आणि खेळलेली मिनिटं टिपायला बाकावर एका मुलीला किंवा पालकाला बसवा. मिनिटांचा रकाना कधीही चुकवू नका. १४ मिनिटांत ६ गुण करणारी मुलगी चाळीस मिनिटांच्या हिशेबाने १७ वर जाते. ती पूर्ण सामना त्याच दमाने खेळेल असं नाही, पण तिला जास्त वेळ द्यावा का, हा प्रश्न त्यामुळे पुढे येतो.

प्रत्येक सामन्यासमोर शेवटचा एक रकाना शब्दांचा ठेवा. कोण आजारी होतं, परीक्षेमुळे कोण आलं नाही, मैदान सिमेंटचं होतं की लाकडी, प्रतिस्पर्धी कोणत्या वयोगटातला होता. दोन वर्षांनी आकडे सगळे मिळतील, ही कारणं मात्र कुणालाच आठवणार नाहीत. हंगाम संपला की प्रत्येक मुलीचं पान वेगळं उतरवून त्याची प्रत तिच्या हातात द्या. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या निवड चाचणीला जाताना ती प्रत तिच्या पिशवीत असू द्या.